नवव्या मजल्यावरच्या बाईंचं काय?

लिफ्टकाकांची सही दिसायला फार वाईट होती. पहिलं अक्षर गोल गोल फिरून दमलेलं आणि पुढची सगळी आडवी पडलेली. पण आमच्या भागातल्या तीसेक इमारतींच्या लिफ्टमध्ये, आरशाशेजारच्या कार्डावर, दर महिन्याला हीच सही असायची आणि ती बघून लोक निर्धास्त आत शिरायचे. कारण काका नुसतं तेलपाणी करून, तारा तपासून सही करत नसत. ते आधी स्वतः आत जाऊन तळापासून गच्चीपर्यंत दोन खेपा करायचे आणि मगच पेन काढायचे. लिफ्टमध्ये कुणी बसत नाही, सगळे उभेच राहतात, पण काका त्याला ‘बसून बघणं’ म्हणायचे. एका सेक्रेटरीने घाईघाईत त्यांना सांगितलं होतं, "अहो काका, काल दुरुस्तीच्या वेळी तर बसला होतात. आज नुसती सही मारा." त्यावर काका म्हणाले, "काल बसलो ते कालचं झालं," आणि सेक्रेटरीला खालीच उभं करून वर निघून गेले.

हा माणूस विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमात माझ्या गटात आला तेव्हा मला अजिबात आनंद झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी एकोणीस वर्षांची, काका एक्कावन्न वर्षांचे. सोबत माझी मावसबहीण, जिला सगळं आधीच येत असतं, आणि लांब्या, ज्याला काहीच येत नसतं पण त्याचं त्याला दुःख नसतं. चौथा गडी मिळेना, तर कचेरीच्या खिडकीवरच्या बाईंनी काकांचं नाव आमच्या यादीत टाकलं. गळ्यात घोरपड पडली, असं मी मावसबहिणीला म्हटलं. काका मागेच उभे होते. ते म्हणाले, "घोरपड चिवट असते हं बाळा, सोडत नाही," आणि हसून आमच्या बाकावर बसले.

काका हौस म्हणून शिकायला आलेले नव्हते. लिफ्ट आता संगणकावर चालतात, तेव्हा कार्डावर सही करणाऱ्याकडे विद्यापीठाचं प्रमाणपत्र हवं, असा त्यांच्या कंपनीने फतवा काढला होता. सत्र संपल्यावरच्या पहिल्या तारखेपासून ज्याच्याकडे कागद नाही त्याची सही बंद. अशा माणसाने गोदामात बसून ग्रीसचे डबे नीट लावायचे. पगार तोच राहणार होता. पण काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "पगाराचं नाही गं. बावीस वर्षं लोक माझ्या सहीवर वर-खाली करतायत. ती गेली तर मी नुसता डबे लावणारा." त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं.

आता आमच्या अभ्यासक्रमाची तऱ्हा सांगायला हवी. सर शिकवत नसत. न शिकवणं हीच त्यांची पद्धत होती. त्यांनी स्वतः लिहिलेलं एक राखाडी रंगाचं जाडजूड पुस्तक आमच्या हातात दिलं होतं आणि ते काचेच्या खोलीत बसून आमच्याकडे बघत असत. दारावर पाटी होती: ‘आधी गटात विचारा’. चौघांनी मिळून पुस्तकातला एक स्वाध्याय सोडवायचा, मग एका छापील कागदावर चौघांनी सही करायची, तो कागद खिडकीवर द्यायचा, की पुढच्या स्वाध्यायाचा कागद मिळणार. चार सह्या झाल्याशिवाय पुढचा कागद नाही. सत्राअखेर चाळीस कागद झाले तर अख्खा गट पास, एकोणचाळीस झाले तर अख्खा गट नापास. कागदावर छापलेलं असायचं, ‘हा स्वाध्याय मी समजून घेतला असून तो मी कुणालाही समजावून सांगू शकतो.’

वर्गात पंधरा गट होते. सुरुवातीला प्रत्येक गटात एकजण सोडवायचा आणि चौघं सही करायचे. दुसऱ्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या कुणाचीतरी वही मिळाली, तेव्हापासून एकजण उतरवून घ्यायचा आणि छप्पन्नजण सही करायचे. टॉपर नावाचा एक मुलगा होता. त्याचं अक्षर सुंदर होतं, म्हणून उतरवायचं काम त्याच्याकडे. अभ्यास असा झपाट्याने चालला होता की सर काचेमागे खुशीत मान हलवत असायचे.

फक्त आमच्या गटात घोडं अडायचं, कारण काका सहीआधी बसून बघायचे. मावसबहीण धडाधड उत्तर सांगायची आणि काका म्हणायचे, "थांब. हे ‘म्हणून’ कुठून आलं?" ती पुन्हा सांगायची. ते पुन्हा विचारायचे. चौथ्या खेपेला तिचा आवाज चढायचा आणि पाचव्या खेपेला तिच्याच लक्षात यायचं की ते ‘म्हणून’ तिलाही माहीत नव्हतं. मग ती दोन दिवस गाल फुगवून बसायची. मी तर काकांवर चक्क खेकसायचे. "काका, ही लिफ्ट नाही, कागद आहे, कुणी खाली पडत नाही," असंही बोलले. ते ऐकून घ्यायचे, पण सही करायचे नाहीत. तरी रडतखडत एकोणीस कागद झाले आणि विसावा आला.

विसावा स्वाध्याय असा होता. नऊ मजल्यांची एक इमारत आहे. तिची लिफ्ट ज्या मजल्यावर उभी असेल तिथून सर्वांत जवळ ज्याने बटण दाबलं असेल त्याच्याकडे आधी जाते. सिद्ध करा की बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला लिफ्ट कधी ना कधी मिळतेच. वहीतलं उत्तर दोन ओळींचं होतं. दर फेरीला एक मागणी पुरी होते, म्हणून मागण्या कमी होत जातात. शेवटी एकच उरते आणि तीही पुरी होते.

आम्ही तिघांनी सह्या ठोकल्या. काकांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचल्या.

"आणि मधेच नवीन कुणी बटण दाबलं तर?" त्यांनी विचारलं.

"मग त्याच्याकडे जाईल," मावसबहीण म्हणाली.

"पुन्हा आणखी कुणी दाबलं तर?"

"त्याच्याकडे जाईल की. असे किती दाबणार?"

"दिवसभर दाबतात गं. तळमजला, पहिला, दुसरा, यांचं थांबतच नाही. मग नवव्या मजल्यावरच्या बाईंचं काय?"

"कोण बाई?"

"नवव्या मजल्यावर कुणीतरी राहत असेल ना? त्यांनी सकाळी बटण दाबलंय."

लांब्या पुस्तक उलटसुलट करून बघायला लागला. पुस्तकात बाई नव्हती. पण काका सांगत राहिले की खरी लिफ्ट अशी चालतच नाही. ती वर निघाली की वरचं सगळं उरकून मग खाली वळते. ही पुस्तकातली लिफ्ट तर जवळच्यांचीच हांजी हांजी करत बसेल आणि वरच्या बाई उभ्याच राहतील. "त्यांच्या हातात पिशवी असेल, गुडघे दुखत असतील," काका म्हणाले. "इथं लिहिलंय की मी कुणालाही समजावून सांगू शकतो. कुणालाही म्हणजे त्या बाईंनाही. त्यांना मी काय सांगू?"

त्या दिवसापासून आमच्या नाकी नऊ आले. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. बाकीचे गट तिसाव्या कागदाच्या पुढे पळाले आणि आम्ही विसाव्याला चिकटून बसलो. वर्गात आमच्या गटाचं नाव ‘नववा मजला’ पडलं. टॉपर जाता-येता विचारायचा, "काय म्हणतायत बाई? बऱ्या आहेत ना?" लांब्याने काकांची समजूत घालायला त्या बाई मुलीकडे राहायला गेल्या आहेत अशी बातमी आणली. काकांनी शांतपणे विचारलं, "मग ती जागा भाड्याने दिली असेल. तिथं आता कोण आहे?" यावर लांब्याच दोन दिवस विचार करत बसला.

शेवटी मी काकूंना गाठलं. काकांच्या घरी गेले, चहा घेतला आणि म्हटलं, काकू, तुम्ही सांगितलं तर ऐकतील. काकूंनी कपाळाला हात लावला. "आमच्या लग्नाची नोंदणी होती," त्या म्हणाल्या. "बाहेर दहा जोडपी ताटकळलेली. आणि हे साहेबांना विचारतायत, ‘मी हिला सुखात ठेवीन असं लिहिलंय, पण सुखात म्हणजे कसं, हे हिला विचारलंय का कुणी?’ अर्धा तास मला विचारत बसले आणि मग सही केली. तू काय घेऊन बसलीस!"

"तुम्हाला राग नाही आला?"

"तेव्हा आला होता," काकू म्हणाल्या आणि बशी पुसायला लागल्या. "नंतर मात्र नाही आला कधी."

आता करून दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही, असं मावसबहिणीने ठरवलं. डोळ्यांनी दिसलं की मुकाट्याने सही करतील. एका दुपारी आम्ही वर्गात आठ खुर्च्या ओळीने मांडल्या. एक खुर्ची म्हणजे एक मजला. नवव्या खुर्चीच्या जागी कपाट होतं, म्हणून लांब्याला कपाटावर चढवलं आणि त्याच्या हातात एक पिशवी दिली, कारण काकांनी पिशवीचा आग्रह धरला. मी लिफ्ट झाले. रिकामे बसलेले इतर गटांतले आठजण इतर मजले झाले. वाटेल तेव्हा हात वर करायचा एवढंच त्यांचं काम. मावसबहीण हातात पुस्तक घेऊन नियम सांभाळत होती.

लांब्याने सगळ्यांत आधी हात वर केला. मी नवव्याकडे निघाले, तेवढ्यात दुसऱ्याने हात वर केला. "दुसरा जवळ आहे," मावसबहीण ओरडली. मी दुसऱ्याकडे गेले. तिथून निघते तोच पहिला. पहिल्याकडून निघते तोच तिसरा. मग तळाच्या पोरांना मजाच वाटायला लागली. मी त्या तीन खुर्च्यांमध्ये कोंबडीसारखी धावत होते आणि कपाटावरून लांब्या हात वर करकरून सांगत होता, "मी अजून इथंच आहे." वीस मिनिटं झाली. तो म्हणाला, "माझा हात दुखतोय." पस्तीस मिनिटं झाली. मग त्याने पिशवी खाली टाकली आणि अगदी खऱ्या, रडवेल्या आवाजात म्हणाला, "अरे, कुणी येणार आहे की नाही माझ्याकडे?"

सगळे हसले. मावसबहीण मात्र हसली नाही. ती पुस्तकाकडे बघत खाली बसली. "हे सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "हे खोटंच आहे." मी घामाने निथळत उभी होते आणि मला इतकी लाज वाटली की काय सांगू. तीन आठवडे ज्या माणसाला मी डोकं नसलेला समजत होते, तो एकटा डोकं चालवत होता. लांब्याला कपाटावरून उतरवायला काका खुर्ची धरून उभे राहिले.

आम्ही तिघं खिडकीवर गेलो आणि बाईंना सांगितलं की आमच्या विसाव्या कागदावरच्या सह्या आम्हाला मागे घ्यायच्या आहेत.

"का?" बाईंनी विचारलं.

"आम्हाला कळलं नव्हतं."

"मग सही कशी केलीत?"

"तेव्हा कळलंय असं वाटलं होतं."

बाईंनी तीन खण उघडून बघितले. "न कळल्याचा फॉर्म नाही," त्या म्हणाल्या. "नाव बदलल्याचा आहे, पत्ता बदलल्याचा आहे, लग्न झाल्याचा आहे. पण एकदा कळलेलं परत घेता येत नाही. शिवाय बाकी चौदा गटांना कळलंय. छप्पन्न सह्या आहेत. तुमच्या काकांची एक नाही, म्हणून काय इमारत पाडायची?"

मग आम्ही पाटीकडे दुर्लक्ष करून काचेच्या खोलीत शिरलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, उलट खूश दिसले.

"छान," ते म्हणाले. "पण मी काही सांगणार नाही. उत्तर गटातूनच आलं पाहिजे."

"सर, प्रश्नच चुकलाय."

"ते सुद्धा गटातूनच आलं पाहिजे."

"गटातूनच आलंय ना! आम्हीच सांगतोय."

"मग सह्या करा आणि पुढे जा."

"कशावर सह्या करू, सर? चुकलेलं कळलं यावर?" मावसबहिणीने विचारलं.

"आधी गटात विचारा," सर म्हणाले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "शेवटची तारीख कधी आहे?" शेवटची तारीख म्हणजे येता शनिवार, दुपारी एक. विसावा सुटला असता तर पुढच्या वीस कागदांची तयारी आम्ही मधल्या काळात करून ठेवली होती. खरीखुरी, प्रत्येक ‘म्हणून’ तपासून. काका सुटीच्या दिवशी सुद्धा येऊन बसायचे. एकविसावा ते चाळिसावा, सगळं त्यांना पाठ नव्हे तर समजलेलं होतं. मावसबहिणीने तर टॉपरला सत्ताविसावा विचारून बघितला, त्याची बोबडी वळली. पण विसाव्याचा कागद आत गेल्याशिवाय पुढचे कागद हातात मिळणार नव्हते.

शनिवारी सकाळी काका लवकर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. ते बाकावर बसले आणि म्हणाले, "आणा तो कागद. मी सही करतो."

लांब्याने तर टाळी वाजवली. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू. मावसबहिणीने विचारलं, "तुम्हाला पटलं?"

"नाही. पण तुमचं तिघांचं वर्ष वाया जातंय. मी म्हातारा, मी गोदामात गेलो तर काय आभाळ कोसळत नाही. तुम्ही का म्हणून रखडायचं?" त्यांनी कागद पुढे ओढला. "आणि मलाही सही हवीच आहे की. ही एक केली की पुढच्या सगळ्या माझ्या राहतील. हिशोब बरोबर आहे."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. टोक कागदाला टेकवलं आणि तिथंच थांबले. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. काकांचा हात बावीस वर्षं तेलात, तारांत राहिलेला, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. तो हात पुढे सरकत नव्हता. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मोठ्या माणसाला रडू आवरताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि ते रडू आमच्यामुळे होतं. सत्रभर ‘सही करा, सही करा’ म्हणून त्यांचा जीव खाणारी मीच होते. मी पुढे झाले आणि त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"काका, नका करू," मी म्हणाले. मग मी ओरडलेच. "नका करू म्हटलं ना! तुम्ही बसून बघितलंय!"

मावसबहिणीने कागद घडी करून पुस्तकात ठेवला. लांब्या म्हणाला, "मी पस्तीस मिनिटं कपाटावर होतो. मलाही नाही कळलेलं." मग आम्ही चौघं एक वाजेपर्यंत तिथंच बसून राहिलो. एक वाजता खिडकी बंद झाली आणि आम्ही रीतसर नापास झालो.

निकालाबरोबर पुस्तकाला एक शुद्धिपत्रही आलं. सरांनी आमची हरकत मनावर घेतली होती. विसाव्या स्वाध्यायात ‘नऊ मजले’ ऐवजी ‘आठ मजले’ असं वाचावं, असं त्यात म्हटलं होतं. नववा मजला काढून टाकल्यामुळे आता तिथं कुणी उभं राहण्याचा प्रश्नच उरला नव्हता. काकांनी ते वाचलं, पुन्हा पुढच्या सत्राचा अर्ज भरला आणि आमचेही तीन अर्ज मागून घेतले.

पहिल्या तारखेला त्यांची सही गेली. कंपनीने प्रमाणपत्रवाला नवा माणूस घेतला, तो म्हणजे टॉपर. अक्षर सुंदर, सही तर छापल्यासारखी. तो एका दिवसात तीस इमारती करायला लागला, कारण तो कार्ड खालीच मागवून घ्यायचा. काका गोदामात डबे लावत होते. डब्यांच्या रांगा इतक्या सरळ झाल्या होत्या की साहेब लोक बघायला यायचे, असं काकू म्हणाल्या. त्या हे हसत सांगत होत्या, पण मला हसू आलं नाही.

त्या महिन्यात एका सकाळी मी आमच्या इमारतीत खाली आले तर लिफ्टसमोर ही गर्दी. नवं कार्ड लागलं होतं आणि चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई दार अडवून उभ्या होत्या. मागे दहाबाराजण कामाला जायचे खोळंबलेले, पण कुणी त्यांना बाजूला करत नव्हतं. टॉपर त्यांना प्रमाणपत्र दाखवत होता. विद्यापीठाचा शिक्का दाखवत होता. "आजी, सही आहे ना माझी! बघा तरी, सही आहे!" तो काकुळतीला आला होता.

नर्सबाईंनी चष्मा लावून कार्डाकडे बघितलंसुद्धा नाही. "सही राहू दे रे बाळा," त्या म्हणाल्या. "आत कोण बसलं होतं ते सांग."

टॉपरने खिशातून फोन काढला, बाजूला जाऊन हळू आवाजात गोदामाचा नंबर मागितला, आणि काका येईपर्यंत आम्ही सगळे तिथंच उभे राहिलो.